ही आणि शी

बाकोलोदमध्ये मध्यरात्र. ज्योव्हेलिन
कंपनीचा निळा शर्ट चढवते, खाली चड्डी कालचीच.
पाठीमागे जगाचा प्लॅस्टिकचा नकाशा,
नकाशामागे भावाचं अंथरूण, त्याचं घोरणं.
हेडफोन लावला की घोरणं परदेशी जातं.

पंचवीस मिनिटं. कोपऱ्यात घड्याळ उलटं पळतं.

पलीकडे रात्रीचे आठ, बर्फ पडतोय.
स्वानेतीच्या डोंगरात, दगडी मनोऱ्याच्या पायथ्याशी
त्सिउरीनं फोन पिठाच्या डब्याला टेकवलाय,
स्वतः मनगटापर्यंत पिठात.
उन्हाळ्यात पाहुणे येतील,
जर्मन, इस्रायली, एखादा कोरियन सायकलवाला,
त्यांना सांगता यायला हवं: गरम पाणी सातनंतर,
कुत्रा चावत नाही,
मनोऱ्यावर चढू नका, शिडी कुजलीय.

एकोणीस धडे झाले. कुत्र्याचं वाक्य
तिला झोपेतही म्हणता येतं. अडतं एकाच ठिकाणी.
'माय सन, शी इज इन बातुमी.'
'ही.'
'सॉरी. ही. माय काऊ, ही इज सिक.'
'शी.'
दोघी हसतात. गाय खरंच आजारी असते.

त्सिउरीच्या भाषेत बाप्या काय, बाई काय,
गाय काय, सगळ्यांना एकच शब्द पुरतो.
ज्योव्हेलिनच्या घरीही एकच: सिया.
तिला हे दोन वेगळे काढायला
नन्सच्या शाळेत दोन वर्षं लागली, आणि एक लाकडी पट्टी.
मी हे लिहितेय ती भाषा
विटेलासुद्धा ती म्हणते, दगडाला तो,
आणि तरी चौथीत माझी फजिती झालीच:
इंग्रजीतला 'ही' म्हणे पुरुष!
आमच्याकडे 'ही' म्हटलं की समोर बाई उभी राहते,
आणि 'शी' म्हटलं की नाक मुरडतं.

आजचा विषय: आपल्या कुटुंबाचं वर्णन करा.
स्लाइडवर चौघं, दात एकसारखे.
त्सिउरी स्लाइडकडे बघतच नाही.
पिठाच्या हातानं फोन उचलते, फिरवते.
चूल. खिडकी. खुंटीला कोट.
कोटाखाली बूट, बुटांवर धूळ.
'माय हजबंड. मुरमान.
शी इज गुड मॅन. शी इज व्हेरी टॉल.
एव्हरी स्प्रिंग शी फिक्स द लॅडर.'

शिडी.
ज्योव्हेलिनला चौथा धडा आठवतो,
'विडो' या शब्दाचा अर्थ
त्सिउरीनं विचारला नव्हता,
नुसता वहीत उतरवून घेतला होता, पान उलटलं होतं.

नियम आहे: चूक तिथल्या तिथे सुधारा.
संभाषण रेकॉर्ड होतं. तीन मिनिटं उरलीत.
'ही,' ती म्हणते. 'ही इज टॉल.'
'ही इज टॉल,' त्सिउरी म्हणते, कोटाकडे बघत,
नवीन भांडं टिचकी मारून पाहावं तसं.
'ही इज गुड. ही इज...'
ज्योव्हेलिनच्या जिभेवर 'वॉज' आलेला असतो.
सुपारीचं खांड अडकावं तसा.
ती पाण्याचा घोट घेते.
'व्हेरी गुड,' म्हणते, 'गो ऑन.'
आणि त्सिउरी पुढे बोलते, शिडीबद्दल, अक्रोडाच्या झाडाबद्दल,
ही, ही, ही, एकदाही न चुकता,
मग शून्य होतं आणि पडदा
तिच्या उघड्या तोंडावर गोठतो.

फॉर्म भरायचा असतो.
सर्वनामं: चांगली प्रगती.
उच्चार: चार तारे.
काळ:
इथे ती बराच वेळ थांबते.
बरोबर, असं लिहिते.

पुढचा विद्यार्थी साडेबाराला, चिलीतला दंतवैद्य.
हेडफोन काढते. घोरणं मायदेशी परततं.
शेजारचा कोंबडा वेळ चुकून आरवतो,
नकाशामागून आई विचारते, दिवा का चालू, भाऊ झोपला का,
आणि ज्योव्हेलिनच्या थकलेल्या तोंडून
इंग्रजीच बाहेर पडतं:
'शी इज स्लीपिंग.'